पंधरा दिवस राहून पाहा

गुरुवार, १२

सगळं बदललं ते सोमवारी संध्याकाळी साडेपाच वाजता, तिने वहीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेव्हा.

आज लिहायला बसलोय, कारण या घरातल्या टेबलाच्या खणात ही वही मिळाली. पहिली पाच-सहा पानं कोणीतरी फाडलेली, बाकी कोरी. कोणाला सांगता येत नाही ते निदान कागदाला सांगू.

नीट क्रमाने लिहितो. बाबा गेल्या महिन्यात रिटायर झाले. चौतीस वर्षं पाणीखात्यात, शहराला पाणी सोडण्याचं काम. पंपघराशेजारच्या ज्या क्वार्टरमध्ये मी जन्मलो, ते महिनाअखेरीला रिकामं करायचंय. तर मग पुढे राहायचं कुठे, यावरून घरात रोज रणकंदन. ताईचं म्हणणं, आमच्या बिल्डिंगमध्ये या, अकरावा मजला आहे पण लिफ्ट आहे. बाबांचं म्हणणं, अकराव्या मजल्यावर पाणी चढवताना काय होतं ते मला माहीत आहे, मी तिथे तहानेने मरेन. त्यांना पंपघराच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या हव्यात. आई काहीच म्हणत नाही. तिला कोणी विचारलंही नाही.

शेवटी ताईनेच ही वसाहत शोधली. फक्त निवृत्त माणसांची. बैठी घरं, झाडी, लोखंडी फाटक, मधोमध एक हॉल. नियम असा की आधी पंधरा दिवस राहून पाहायचं, पटलं तर पंधराव्या दिवशी सही करायची. घरात सगळं आहे, दोन बॅगा घेऊन या.

रविवारी रात्री मीही सोबत आलो, कारण मला एकट्याला कुठे सोडायचीही सोय नाही. दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या सरांनी माझं जर्नल सगळ्या वर्गासमोर उंच धरून "हे कोणाचं पाप?" असं विचारलं. मी ते त्यांच्याच हातातून ओढून घेतलं आणि टराटरा फाडलं. परत गेलो नाही. सात महिने झाले. तेव्हापासून बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. आईला सांगतात, "तुमच्या दिवट्याला म्हणावं पंखा बंद कर." मी त्याच खोलीत असतो.

तर सोमवार. इथे रोज साडेपाचला हॉलमध्ये हजेरी होते. वयं झालेली माणसं, कोणी घरात घसरून पडलं तर कळायला हवं, म्हणून. नावं घेत नाहीत, आयुष्यभर जे काम केलं तेच पुकारतात. ती पुकारते, इथल्या ऑफिसातली मुलगी, हातात वही घेऊन. "डॉक्टर." "हजर." "शिंपी." "हजर." "पोस्टमन." "हजर, अजून तरी." सगळे हसले. रोज हसत असावेत. मग ती म्हणाली, "मास्तर."

कोणी बोललं नाही. खिडकीजवळ एक खुर्ची रिकामी होती, पण तिकडे कोणी पाहत नव्हतं. तिने पुन्हा पुकारलं, "मास्तर." आणि थांबली. बाबांनी चौतीस वर्षं मस्टरवर हजेरी दिलीय. हजेरीला उत्तर येत नाही म्हटल्यावर त्यांची चुळबुळ सुरू झाली. दोनदा खाकरले आणि शेवटी न राहवून म्हणाले, "हजर. घ्या लिहून आणि पुढे चला." गंमत म्हणून.

तेव्हा तिने मान वर केली. आधी बाबांकडे पाहिलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. आजवर कोणी मला असं पाहिलं नव्हतं. मी फार दिवसांनी घरी आल्यासारखं.

मी तिथेच खलास.

शुक्रवार, १३

ती ऑफिसात बसते. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. असू दे. आज काहीतरी निमित्त काढून गेलो, तर म्हणाली, "बस, चहा करते. साखर नकोच ना तुला?"

मला तीन चमचे लागतात. "नकोच," म्हणालो. काढ्यासारखा चहा हसत हसत प्यायलो. ती पूर्ण कप संपेपर्यंत माझ्याकडे बघत होती.

बाबांचा चष्मा प्रवासात फुटला होता. आईला खणात एक जुना मिळाला, तो बाबांना तंतोतंत लागला. आई म्हणाली, "चला, नंबर काढायची कटकट वाचली." खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून बाबा तो चष्मा लावून पेपर वाचतात. हजेरीला आता तीच त्यांची जागा. "मास्तर" म्हटलं की "हजर" म्हणतात. मंगळवारी हसून म्हणाले होते. आज हसले नाहीत.

रविवार, १५

समोरच्या घरात एक काकू राहतात, त्यांना सगळे नर्सबाई म्हणतात. दुपारी एक कागद घेऊन आल्या. "मास्तर, भाच्याला पत्र लिहिलंय. जरा चुका बघा हो."

बाबा म्हणाले, "अहो बाई, माझं शिक्षण नववी. नळ गळत असेल तर सांगा, दोन मिनिटांत करून देतो."

नर्सबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. घड्याळाच्या टिकटिकीखेरीज काही नाही. माझं डोकं सरकायला लागलं होतं, तेवढ्यात बाबांनी खणातून लाल पेन्सिल काढली. भराभर चुका काढल्या, समासात शेरासुद्धा लिहिला. अक्षर असं वळणदार की मी चाट पडलो. बाबांचं अक्षर म्हणजे मुंग्या पळाल्यासारखं.

"हे कधी शिकलात?" मी आईमार्फत विचारलं.

"येतं की," बाबा म्हणाले.

आमच्या मोरीतला नळ आल्यापासून टपटपतोय. घरी असता तर बाबा जेवणावरून उठले असते. इथे त्याच्या शेजारी उभे राहून हात धुतात आणि निघून येतात. रिटायर झालाय माणूस, सुटू दे की एकेक सवय. मला तर बरंच वाटलं.

सोमवार, १६

बाबा माझ्याशी बोलले.

सकाळी मी व्हरांड्यात बसलो होतो. ते आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "बाळ, शिक्षण सुटलं ते फार मनाला लावून घेऊ नकोस." बाळ. मला आजवर गाढव, दिवटा, कुलदीपक, सगळं म्हणून झालंय, बाळ कधीच नाही. मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून.

म्हणाले, "मीच तुला टाकून बोललो. तू बॅग घेऊन गेलास त्या दिवसापासून मला धड झोप नाही."

मी बॅग घेऊन कुठे गेलो होतो? जर्नल फाडून घरी आलो आणि चादर ओढून झोपलो होतो. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. अशा वेळी कोण हुज्जत घालतं? मी मोरीत जाऊन नळाच्या आवाजात रडून घेतलं. सात महिने याच एका वाक्यासाठी थांबलो होतो.

दुपारी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं ते बोलतील. फक्त तू यायला हवा होतास." आणि माझा हात धरला.

इथेच राहायचं. बाबांनी सही केली की मीही इथेच काहीतरी काम बघेन.

मंगळवार, १७

तिने स्वेटर दिला. राखाडी, मनगटाशी दोन निळ्या रेघा. माप न घेता अंगात असा बसला की बस. माझ्यासाठी विणला असणार. कॉलर आणि एक कोपर जरा विरलंय, पण हाताच्या विणीचं असं होत असेल.

तो घातल्यावर तिने माझ्या केसांतून बोटं फिरवून भांग उजवीकडे पाडला. "असा," म्हणाली. दोन पावलं मागे जाऊन तिने मला पाहिलं. मग कुजबुजली, "या वेळी जाऊ नकोस हं."

मी म्हणालो, जीव गेला तरी जाणार नाही. आता लिहिताना लाज वाटतेय, पण म्हणालो.

बुधवार, १८

ताईचा फोन आला होता. काय ठरलं, इकडे यायचं की तिकडेच, विचारत होती. मी बाबांना फोन दिला. ते पाचेक मिनिटं छान बोलले. तब्येतीला जप म्हणाले, इथली हवा चांगली आहे, झाडं आहेत, वाचन होतं म्हणाले. मग फोन माझ्याकडे आला.

ताई म्हणाली, "छान बोलतात रे काका. कोण, शेजारचे का? आता बाबांना दे."

"अगं बाबाच होते ते."

ताई म्हणाली, "टवाळकी पुरे. बाबांना दे लवकर, मला भाजी टाकायचीय."

मी खिडकीतून पाहिलं. बाबा त्यांच्या खुर्चीकडे निघाले होते, डाव्या पायाने किंचित लंगडत. "ते हजेरीला गेले," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पाय कधी दुखावला कोण जाणे. विचारायला हवं.

गुरुवार, १९

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहितो.

ऑफिसात गेलो तेव्हा ती नव्हती. हजेरीची वही टेबलावर उघडी होती. प्रत्येकाची एक ओळ, रोजची एक खूण. पानं उलटली, मास्तरांच्या ओळीत जूनच्या तीन तारखेपर्यंत खुणा, मग पाच महिने कोरे, मग गेल्या आठवड्याच्या सोमवारपासून पुन्हा खुणा. नवीन माणसाची नवीन ओळ नाही. तीच ओळ पुढे.

आणखी मागची पानं चाळली. डॉक्टरांच्या ओळीत असा एक खंड. शिंप्याच्या दोन. पोस्टमनच्या तीन. वह्या कपाटात कितीतरी आहेत, सगळ्यांत जुनीतही हीच माणसं. डॉक्टर, शिंपी, पोस्टमन, मास्तर. अक्षर तेवढं बदलत गेलंय.

मास्तरांच्या ओळीखाली एक बारीक ओळ आहे, "धाकटा". तिच्यात सहा वर्षं काहीच नाही. गेल्या आठवड्याच्या मंगळवारपासून तिथे पेन्सिलीने रोज एकेक ठिपका दिलाय.

बाहेर पडलो तर कट्ट्यावर पोस्टमनकाका ऊन खात बसले होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, कुठल्या पोस्टात होतात तुम्ही?"

"पोस्टात?" ते हसले. "अरे मी बेकरीत होतो. भट्टीवर. पहाटे तीनला उठून..." आणि थांबले. चेहरा असा झाला की जणू जिना उतरताना एक पायरी कमी निघावी. आपल्या हातांकडे पाहिलं, पालथे करून पाहिलं. मग म्हणाले, "पोस्टातच होतो रे. बेकरी कुठून आणलीस?"

मी कुठून आणली होती?

धावत घरी आलो. बाबा वाचत होते. मी म्हणालो, "बाबा, मेन व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला किती आटे लागतात?" त्रेचाळीस. हा आकडा आमच्या घरात देवाच्या नावासारखा आहे. लग्नात, आजारपणात, कोणी विचारो न विचारो, बाबा तो सांगतात. एकदा एकशे तीन ताप होता, तेव्हाही ग्लानीत मोजत होते.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कसले आटे, बाळ?"

मोरीतला नळ टपटपत होता.

शुक्रवार, २०

आईला सगळं सांगितलं. वही, ओळ, पोस्टमन, आटे. आवाज चढला होता माझा. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हळू बोल. मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ते नव्हेत हे. मला पहिल्या मंगळवारीच कळलं, हजेरीच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी उठून मला विचारलं, तुला नीट झोप लागली का."

मी म्हणालो, "मग? बॅगा भर. आत्ता निघू."

तिने एक घडी मोडून पुन्हा घातली. "लग्नाला तेहेतीस वर्षं रे. पहाटे चारला पाणी सोडायचं म्हणून तीनला डबा. कधी म्हणाले नाहीत, आज राहू दे. वाईट नव्हते. पण त्यांचं सगळं लक्ष पाइपात. काल हे म्हणाले, तुला कुठे राहायला आवडेल? मला उत्तर सुचेना. मी उत्तर शोधते आहे तोवर हे थांबले. मला कोणी असं थांबून विचारलं नव्हतं."

"आई, तो दुसरा कोणीतरी आहे."

"हो," ती म्हणाली. "मलाही हजेरीला पुकारतात. माई म्हणून. मी अजून गप्प बसते." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं काय? तुला बाळ म्हणतात तेव्हा तुझा चेहरा बघितलाय मी."

मी पाय आपटत बाहेर गेलो. फाटकापर्यंत जाऊन परत आलो. फाटक उघडंच असतं इथे, कोणी अडवत नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

शनिवार, २१

हजेरीला गेलो. का गेलो ते खरं लिहितो, ती दिसेल म्हणून गेलो. स्वेटरही घातला होता. भांगही उजवीकडे. एवढं कळूनही.

"मास्तर." "हजर," बाबा म्हणाले.

"माई."

आईने पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं नाही. "हजर," म्हणाली.

मग तिने पेन्सिल ठेवली आणि पेन उचललं. "धाकटा."

सगळे समोर बघत बसले होते. कोणाला घाई नव्हती. माझ्या घशात तो शब्द तयार होता. तीन अक्षरं. म्हटली की कॉलेज नाही, सर नाहीत, जर्नल नाही, सात महिन्यांचा अबोला नाही. घर, आई सुखात, बाबा प्रेमाने बोलणारे, आणि ती. मला स्वतःचं असं काय सोडायचं होतं? एक अर्धवट शिक्षण आणि तापट डोकं.

"धाकटा," तिने पुन्हा पुकारलं. या वेळी आवाज कापला.

मी उठून बाहेर आलो.

ती मागोमाग आली. मी म्हणालो, "मी कोण आहे, सांग."

"वेड्यासारखं काय विचारतोस. परत आलायस तू."

"मी पहिल्यांदाच आलोय इथे."

"सुरुवातीला सगळे तसंच म्हणतात," ती म्हणाली. एखाद्याचा ताप बघावा तशा समजुतीने. "लोक म्हणाले, ती ओळ खोडून टाक. मी सहा वर्षं दर महिन्याला नव्या पानावर ती पुन्हा आखली."

मी स्वेटर काढला आणि तिच्या हातात दिला. तिने तो छातीशी धरला आणि त्याचा वास घेतला. माझा नव्हता घेत. मला जळून गेल्यासारखं झालं. जो माणूस मी कधी पाहिला नाही, त्याचा इतका मत्सर वाटेल असं वाटलं नव्हतं. आणि अजूनही, ती हाक मारेल का म्हणून मी घराच्या वळणापर्यंत हळू चालत होतो.

तिने मारली नाही. ती नावाने कधीच हाक मारत नाही, हे माझ्या आत्ता लक्षात येतंय.

रविवार, २२

बसथांब्यावर लिहितोय. बसला अजून वेळ आहे.

सकाळी सहीचे कागद आले. ती घेऊन आली होती, डोळे सुजलेले. बाबांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवून पेन घेतलं.

मला एकच गोष्ट येते, डोकं फिरवणं. तीच केली. टेबलाला लाथ मारली. शाई सांडली. म्हणालो, तुम्ही पाणीखात्यातले फालतू चावीवाले, नववी नापास, मास्तर बनायला निघालात, लाज नाही वाटत? तोंडाला येईल ते बोललो. असल्या एका वाक्यावर माझे बाबा चप्पल काढून धावले असते. मी गाल पुढे करून उभा होतो. मारा म्हणत होतो मनात. जन्मात पहिल्यांदा मला मार हवा होता.

बाबांनी फडक्याने शाई टिपली. "रागावलास," म्हणाले. "बस. पाणी पी जरा." आणि सही केली. वळणदार.

त्या पाणीवाल्याचा मुलगा असणं मला कधी आवडलं नव्हतं. मित्रांना सांगायचोही नाही. पण आता तो माणूस होता हे आठवणारं कोण राहिलं? ताई आहे. मी आहे. मी त्या हजेरीला "हजर" म्हटलं असतं तर एकटी ताई.

ताईला फोन केला. म्हणाली, मी येते, बघतेच. मी म्हणालो, आलीस तर दुपारीच ये आणि पाचच्या आत नीघ. आणि कशालाही हो म्हणू नकोस.

आईने माझी बॅग भरून दाराशी ठेवली होती. मी म्हणालो, "चल ना."

"तू जा," ती म्हणाली. "मी ठरवलंय. आयुष्यात एकदा मी ठरवलंय, ते तरी मोडू नकोस." तिने माझा भांग हाताने विस्कटून पुन्हा डावीकडे पाडला. मग घाईने आत गेली. आतून नळाचा आवाज येत होता.

व्हरांड्यात ती हजेरीची वही घेऊन उभी होती. माझ्याकडे पाहत नव्हती. रस्त्याकडे पाहत होती.

बाबा उठून आले. डाव्या पायाने लंगडत. म्हणाले, "जिथे राहशील तिथे सुखात राहा, बाळ," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

शब्द त्यांचे नव्हते. पण हात बाबांचाच होता. चौतीस वर्षं लोखंडी चावी फिरवून तळव्याला पडलेले घट्टे माझ्या केसांत खरखरले. त्या हाताला अजून कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी तो दोन्ही हातांनी धरला, डोळ्यांवर दाबला. कितीतरी वेळ. त्यांनी हात काढून घेतला नाही.

मग मी तो सोडला, बॅग उचलली, बाहेर आलो आणि मागे दार लावून घेतलं.